चार पाण्यांची गाडी

सोमवारी सकाळी भागोजी घरत वहाणेत पाय घालायला गेला आणि पाय आत जाईना. उजव्या पायाचा अंगठा पिकल्या रातांब्यासारखा लाल होऊन टरारला होता. त्याला धोतराचं टोक नुसतं लागलं तरी भागोजी कळवळत होता.

"काटा मोडला आसंल," त्याची बायको काशी म्हणाली.

"काटा आसता तर दिसला आसता."

"मग काल कालवं खाल्लीत ती बाधली. दोन वाट्या रस्सा वर प्यालात."

भागोजीने कालवांवरचा आरोप फेटाळून लावला. पण ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो आणि भागोजी मुरूड–साळाव एसटीचा ड्रायव्हर होता, त्यामुळे अंगठ्याचा प्रश्न त्याला तसा सोडून देता येईना.

ही गोष्ट सदुसष्ट सालची. तेव्हा रेवदंड्याच्या खाडीवर पूल नव्हता. मुरूडहून निघालेली गाडी नांदगाव, काशीद, बोर्ली, कोर्लई करत खाडीच्या अलीकडे साळावला थांबायची. उतारू होडीत बसून पलीकडे रेवदंड्याला जायचे आणि तिथे अलिबागची गाडी धरायचे. होडीवाला भरतीकडे बघून होडी सोडायचा, एसटीकडे बघून नव्हे. तरीही अकरा वर्षांत भागोजीच्या गाडीच्या उतारूंची होडी कधी चुकली नव्हती. त्याला ह्या गोष्टीचा अभिमान होता, आणि दुसरा अभिमान बाळगावा असं त्याच्यापाशी फारसं काही नव्हतं.

अलिबागच्या डॉक्टर लेल्यांनी अंगठा लांबूनच पाहिला.

"खाण्यात काय काय असतं?"

"साधंच, डॉक्टरसाहेब. कालवं, सुकट, कलेजी, मुंडी, भेजा..."

भेजा आला तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"ह्याला गाउट म्हणतात. रक्तात युरिक अ‍ॅसिड नावाचं एक द्रव्य असतं. सगळ्यांच्याच असतं. मूत्रपिंड ते गाळतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. तुमचं पुरतं जात नाही, साठतंय. मिठागरात पाणी दाट झालं की काय होतं?"

"मीठ धरतं."

"तसं तुमच्या सांध्यात धरलंय. फक्त हे खडे सुयांसारखे असतात."

भागोजीने अंगठ्याकडे नव्या आदराने पाहिलं. डॉक्टरांनी सूज उतरायला आधी एक औषध दिलं, आणि ती उतरल्यावर रोज घ्यायची एक गोळी लिहून दिली.

"ही गोळी दुखणं थांबवणारी नाही. हिचं काम वेगळं आहे. मूत्रपिंड अ‍ॅसिड गाळतं खरं, पण त्यातलं बरंचसं परत रक्तात ओढून घेतं. ही गोळी त्याला ओढू देत नाही. गेलं ते गेलं."

"म्हंजे उतरलेल्या उतारूला परत गाडीत चढू देयाचा न्हाय."

"अगदी बरोबर. पण पाणी कमी पडलं तर हेच खडे मूत्रपिंडात धरतील. म्हणून दिवसाला बारा पेले पाणी. चुकायचं नाही. आणि अ‍ॅस्पिरीन अजिबात घ्यायची नाही, ती ह्या गोळीचं काम बिघडवते."

अ‍ॅस्पिरीन हे काहीतरी इंग्रजी खाणं असावं असं समजून भागोजीने ते आपण कधी तोंडात घातलं नसल्याचं शपथेवर सांगितलं.

"हिच्याहून चांगली गोळी विलायतेत निघालीय," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "ती अ‍ॅसिड शरीरात तयारच होऊ देत नाही. आपल्याकडे मिळायला लागली की बघू."

पंधरा दिवसांनी भागोजी कामावर रुजू झाला. कलेजी आणि कालवं बंद झाली होती. पाण्याची जबाबदारी काशीने घेतली होती. दिवसभर गाडीवर नवरा काय करतो ह्याचा भरवसा नाही, म्हणून बारातले सहा पेले ती सकाळी गाडी सुटायच्या आत पाजायची. उरलेल्या सहांसाठी एक घागर ड्रायव्हरच्या जागेमागे दोरीने बांधून दिली होती.

पहिल्या दिवशी नांदगाव सोडून दीड मैल गेल्यावर सुरूच्या बनापाशी भागोजीने गाडी उभी केली.

"काय झालं?" कंडक्टर यूनुसने विचारलं.

"इंजिन तापलंय." एवढं बोलून भागोजी लगबगीने बनात शिरला.

इंजिन तापलं तर ड्रायव्हर झाडीत कशाला जातो, हा प्रश्न उतारूंपैकी काहींच्या मनात आला. पण पहिल्या दिवशी कोणी विचारला नाही. काशीदच्या पुढे उंबरवाडीच्या वडापाशी इंजिन पुन्हा तापलं. बोर्ली गेल्यावर पुलाच्या कठड्यापाशी तिसऱ्यांदा तापलं. प्रत्येक वेळी भागोजी तीन मिनिटांनी परत यायचा, चेहऱ्यावर समाधान असायचं, आणि घागरीतला एक पेला पिऊन गाडी सुरू करायचा. म्हणजे पुढच्या थांब्याची सोय करायचा.

हे आठवडाभर चाललं. मग एके दिवशी मुरूडचा मोरू मेकॅनिक सासुरवाडीला जायला त्याच गाडीत बसला. वडापाशी गाडी थांबताच तो धंद्याच्या सवयीने खाली उतरला आणि बॉनेट उघडून आत हात घातला.

"इंजिन गार हाय," त्याने जाहीर केलं. "तांदळाचं पीठ भिजवून ठेवा, खराब व्हयाचं न्हाय."

चाळीस उतारूंनी यूनुसकडे पाहिलं. यूनुसला खोटं बोलता येत नसे, आणि खरं सांगताना तो फार तपशिलात शिरत असे.

"अल्ला कसम, इंजिनाचं काही नाही. दादांच्या रगतात युरी काशीद जमलंय. डॉक्टरची गोळी ते लघवीवाटे बाहेर काढते. म्हणून पाणी पितात, म्हणून उतरतात. गाडीला नाही, दादांना थांबावं लागतंय."

"युरी काय?"

"काशीद."

"आमच्या गावाचं नाव कशाला घेतोस रे?" मागच्या बाकावरचा काशीदचा एक म्हातारा उठून उभा राहिला. "मुरूडकराच्या रगतात काय जमलं त्याला आमी काय करणार?"

त्याची समजूत काढण्यात आणखी चार मिनिटं गेली. भागोजी परत आला तेव्हा सगळी गाडी त्याच्याकडे ज्या काळजीने बघत होती, तिने तो खजील झाला. "बसा, बसा, दादा, घाई न्हाय," असं पुढच्या बाकावरच्या दोघातिघांनी म्हटल्यावर तर त्याला ब्रेक सापडेना.

पण गुपित फुटलं ते एका अर्थी बरं झालं. सुरूच्या बनामागे कोळ्यांची वीस-पंचवीस घरं होती. तिथली मनुबाई रोज मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दीड मैल मागे नांदगावच्या थांब्यापर्यंत चालायची, आणि गाडीत बसून पुन्हा आपल्याच घरावरून पुढे जायची. गाडी आपल्या दाराशी तीन मिनिटं उभी राहते हे कळल्यावर तिने पाटी घेऊन बनापाशीच उभं राहायला सुरुवात केली.

"हा थांबा नाही, मावशी," यूनुस म्हणाला.

"मग गाडी कशाला थांबली?"

यूनुस दारातून बाजूला झाला. मनुबाई पाटीसकट आत आली. जाता जाता तिने भागोजीला बजावलं, "बाबा, रोज हितंच मोकला हो. पुढं जाऊ नको."

दुसऱ्या दिवशी मनुबाईबरोबर चौघी आल्या. उंबरवाडीच्या वडाखाली सात माणसं उभी राहू लागली, बोर्लीच्या पुलापाशी पाच. महिन्याभरात वडाखाली रंगू नावाच्या एका गड्याने चहाचं दुकान टाकलं. ह्या ठिकाणांना नावं नव्हती, पण उतारूंना उतरायचं कुठे हे कंडक्टरला सांगावं लागतंच. कोणी कधी सुरू केलं कळलं नाही, पण गाडीत "पहिल्या पाण्याला उतरवा", "आमची बहीण दुसऱ्या पाण्याला दिली आहे" अशी भाषा ऐकू येऊ लागली. यूनुसही गाडी थांबली की दार उघडून ओरडायचा, "तिसरं पाणी! उतरा तिसरं पाणीवाले!" भागोजी तेव्हा झाडीत असायचा आणि त्याला ते तिथे ऐकू जायचं.

चढणारे-उतरणारे वाढले तशी तीन मिनिटांची पाच झाली. आणि श्रावणातल्या एका गुरुवारी, अकरा वर्षांत पहिल्यांदा, गाडी साळावला पोचली तेव्हा होडी खाडीच्या मध्यावर होती.

त्या दिवशी गाडीत उंबरवाडीचे बाबाजी होते. भावाबरोबर त्यांचा बांधाचा दावा अलिबागच्या कोर्टात नऊ वर्षं चालू होता आणि एकही तारीख त्यांनी चुकवली नव्हती. ते धक्क्यावर छत्री उघडून उभे राहिले आणि होडी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. मग परत गाडीपाशी आले.

"भागोजी," ते शांतपणे म्हणाले, "तुझी लघवी मी वरपर्यंत नेतो."

बाबाजींना अर्ज लिहिण्याचा नऊ वर्षांचा सराव होता. चार पानी अर्ज एसटीच्या साहेबांना गेला. चौकशी होणार असं यूनुसने स्टँडवरून ऐकून आणलं, आणि भागोजीचं डोकं दुखू लागलं. ते थांबेचना. यूनुसने आपल्या खिशातल्या कागदात गुंडाळलेल्या पांढऱ्या गोळ्या काढल्या.

"घ्या, दादा. अम्मी हीच घेते. डोकं लगेच उतरतं."

डोकं लगेच उतरलं. भागोजीने बारा दिवस सकाळ-संध्याकाळ ती गोळी घेतली आणि तेराव्या दिवशी अंगठा पुन्हा टरारला. तो लंगडत अलिबागला गेला.

"पाणी पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"साहेब, मी दुसरा काय करतच न्हाय."

"गोळी?"

"रोज. आनी डोक्याची बी रोज."

"डोक्याची कसली?"

भागोजीने कागद काढून दाखवला. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एक गोळी डोळ्यांजवळ नेली.

"हीच अ‍ॅस्पिरीन. एक गोळी अ‍ॅसिड बाहेर काढायला बसलीय आणि ही तिला काम करू देत नाही. बारा दिवसांचं सगळं आतच साठलं. ही आजपासून बंद. आणि पाणी आता सोळा पेले."

सोळा पेल्यांना तीन थांबे पुरेनात. कोर्लईच्या उतारावर चौथं पाणी सुरू झालं. तिथे वस्ती नव्हती, पण पाचव्या दिवशी तिथेही एक मनुष्य पेटी घेऊन उभा असलेला दिसला.

चौकशीला निरीक्षक कर्णिक आले ते साध्या कपड्यांत, मुरूडहून तिकीट काढून. त्यांनी वहीत चार थांबे, त्यांच्या वेळा आणि चढलेली-उतरलेली माणसं टिपली. दुसऱ्या पाण्याला बाबाजी चढले. त्यांना कर्णिकांनी शेजारी बसवून घेतलं आणि आपली ओळख दिली.

"तक्रार तुमचीच ना? गाडी अनधिकृत ठिकाणी थांबते म्हणून?"

"माझीच! होडी चुकली, साहेब. तारीख चुकली."

"त्या दिवशी तुम्ही कोणत्या थांब्यावर चढलात?"

"हितंच. दुसऱ्या पाण्याला."

कर्णिकांनी थांब्यांची छापील यादी काढून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"ह्या नावाचा थांबा नाही. म्हणजे तुम्ही गाडीत चढला नव्हतात. न चढलेल्या माणसाची होडी आमच्यामुळे चुकली असं मला लिहिता येणार नाही."

बाबाजींना नऊ वर्षांत समोरच्या वकिलानेही असं गप्प केलं नव्हतं.

तक्रार निकालात निघाली, पण भागोजी सुटला नाही. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि बाहेर जाऊन यायचं असल्यास जाऊन या असंही म्हणाले.

"महिनाभर बघतो, घरत. गाडी वेळेवर धावली पाहिजे. नाही जमलं तर तुम्हाला टायरच्या गोदामात घेऊ. तिथे बसून काम आहे, आणि सोयही जवळ आहे."

घरी येऊन भागोजीने हे काशीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थांबली.

"बसून काम बरंच हाय की."

"बरं हाय," भागोजी म्हणाला. पण काशीदच्या अलीकडे वळण घेतलं की डाव्या हाताला एकदम सगळा समुद्र उघडा पडतो, तो त्याने अकरा वर्षं रोज पाहिला होता आणि त्याबद्दल कोणाशी एक शब्द बोलला नव्हता. टायरच्या गोदामाला खिडकी नव्हती. हेही तो काशीशी बोलला नाही. त्याने फक्त जेवताना पाणी मागितलं नाही, आणि तिने न मागता चार पेले समोर ठेवले.

सुटका बोटीवरून आली. मुरूडचे करमअली सारंग विलायतेच्या बोटीवर होते आणि त्यांचा रक्तदाब डॉक्टर लेले बघत. मागल्या खेपेला डॉक्टरांनी त्यांच्याजवळ एक चिठ्ठी दिली होती. करमअली परत आले ते ती नवी गोळी घेऊन. डॉक्टरांनी भागोजीला निरोप धाडला.

"जुनी गोळी बंद. ही घ्यायची. आतापर्यंत आपण साठलेलं बाहेर काढत होतो. ही कारखान्यालाच टाळं लावते. शरीरात जे द्रव्य अ‍ॅसिड तयार करतं, त्याचं कामच ती बंद पाडते. मुळात झालंच नाही तर घालवायचं काय?"

"आनी पाणी?"

"तहानेप्रमाणे प्या, थोडं जास्त प्या. पण ती घागर आता गाडीतून काढा."

पुढचे काही दिवस डॉक्टरांनी रक्त मुंबईला तपासायला धाडलं. पहिल्या तपासणीत अ‍ॅसिड नऊच्या वर होतं, ते साडेपाचावर आलं. अंगठा इतर अंगठ्यांसारखा दिसू लागला. भागोजी त्याला चपलेत घालताना अजूनही दबकत असे, पण तो बिनतक्रार आत जाई.

ज्या सोमवारी घागर काढली त्या सोमवारी गाडी नांदगावहून सुटली ती सुरूच्या बनापाशी थांबलीच नाही. बनापाशी मनुबाई आणि नऊ जणी पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गाडी येताना पाहिली, पुढे सरसावल्या, आणि मग गाडी जाताना पाहिली.

"आरं थांब! मेल्या, मुतायचा न्हाय का तुला?" मनुबाई मागून ओरडली.

दुसऱ्या पाण्याला तेरा माणसं धुरळ्यात उभी राहिली. रंगूने गाडीसाठी ओतलेला चहा किटलीत परत ओतला. तिसऱ्या-चौथ्या पाण्याचं तेच. गाडी साळावला अकरा मिनिटं आधी पोचली. भागोजी खाली उतरून होडीपर्यंत चालत गेला आणि उगीचच होडीवाल्याला राम राम करून आला.

आठवडाभर असं गेल्यावर रविवारी सकाळी भागोजीच्या अंगणात पंचवीस-तीस माणसं जमली. पुढे मनुबाई होती आणि तिच्या डोक्यावर पाण्याची कळशी होती. मागे कोणी शहाळी आणली होती, कोणी कोकमाचं सरबत. रंगूने ताक आणलं होतं.

"आजारी कोन हाय?" काशीने घाबरून विचारलं.

"कोनी न्हाय, तीच पंचाईत हाय," मनुबाई म्हणाली. "भागोजी, ती आधीची गोळी काय वाईट होती रं?"

"मावशी, मी बरा झालो."

"तू झालास. आमी पुन्हा दीड मैल चालतोय. पाटीत दीड मण मासळी आसते. माझी मान मोडली म्हंजे तुझ्या डॉक्टरकडं गोळी हाय का?"

भागोजीने करमअलींपासून कारखान्याच्या टाळ्यापर्यंत सगळं समजावून सांगितलं. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, गोळी नवीच घे," रंगूने तोडगा काढला. "पण पाणी पियाला काय हरकत हाय?" आणि त्याने ताकाचा पेला पुढे केला.

"आनी साहेबाला काय सांगू? गोदामात जाऊ?"

रंगूने पेला मागे घेतला. भागोजी गोदामात गेला तर गाडीवर दुसरा ड्रायव्हर येईल आणि तो तरुण, ठणठणीत असण्याचा संभव होता.

तेवढ्यात मागून छत्री टेकत बाबाजी पुढे आले. त्यांना पाहून भागोजी उठून उभा राहिला.

"बस," बाबाजी म्हणाले. "थांबा यादीत नाही, म्हणून मी गाडीत चढलो नव्हतो काय? मग थांबा यादीत घालायला लावतो. मनुबाई, अंगठा कोणाकोणाचा घेऊ ते सांग. पायाचा नव्हे."

ह्या वेळचा अर्ज नऊ पानी झाला. त्याला निरीक्षक कर्णिकांच्या वहीतले आकडे पुरावा म्हणून जोडण्याची मागणी होती, आणि ते आकडे बघितल्यावर साहेबांनाही मान्य करावं लागलं की ह्या चार ठिकाणी जितकी माणसं चढतात तितकी दोन छापील थांब्यांवर मिळून चढत नाहीत. चारही थांबे मंजूर झाले, वेळापत्रकात सोळा मिनिटं वाढली आणि होडीवाल्यालाही तसं कळवण्यात आलं. भागोजी स्टिअरिंगवर राहिला. थांब्यांची नावं अर्जात होती तशीच कचेरीने उतरवून घेतली. शिमग्याच्या आधी रंगारी येऊन पाट्या लावून गेला: पहिले पाणी, दुसरे पाणी, तिसरे पाणी, चौथे पाणी.

पुढच्या थंडीत पुण्याचे एक प्राध्यापक ह्या किनाऱ्यावरच्या गावांची नावं गोळा करत फिरत होते. ते भागोजीच्या मागच्याच बाकावर बसले होते. दुसऱ्या पाण्याची पाटी पाहताच ते एकदम उठले.

"विलक्षण!" ते म्हणाले. "अगदी ठराविक अंतरावर आहेत. जंजिऱ्याच्या मोहिमांत घोडदळ ह्याच वाटेने गेलं असणार. चार मजलांवर घोड्यांना पाणी दाखवत असतील. काय हो ड्रायव्हर, तुमच्याकडे ह्याबद्दल काही ऐकिवात आहे?"

भागोजीने मान वळवली नाही. त्याचे कान मात्र लाल झालेले यूनुसला दिसले.

"मी नवीन हाय, साहेब," भागोजी म्हणाला.

"घोडी कसली आलीत?" मागून मनुबाईचा आवाज आला. "ह्योच आमचा भागोजी मुतायाला उतरायचा! पयलं, दुसरं, तिसरं, चवथं. इच्यारा सगल्यांना!"

सगळ्या गाडीने माना डोलावल्या. यूनुसने तपशील पुरवायला तोंड उघडलं, पण भागोजीने गिअर टाकला आणि त्या आवाजात ते राहून गेलं.

प्राध्यापकांचा लेख यथावकाश एका त्रैमासिकात छापून आला. त्यात घोडदळाला दीड पान होतं, आणि तळाशी बारीक अक्षरांत एक टीप होती: 'कोळी स्त्रियांकडून ह्या नावांची आणखी एक व्युत्पत्ती ऐकायला मिळाली, परंतु ती ग्राह्य वाटत नाही.'